फेसलिफ्ट

फेसलिफ्ट ही चेहरा व मान यांवरील सैल झालेली त्वचा आणि तिच्याखालील ऊतींचा थर वर उचलून पुन्हा बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. जबड्याच्या कडेवर ओघळलेले गाल, मानेवरील सैल त्वचा आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी खोल घडी यांवर ती प्रामुख्याने केली जाते. ती प्लास्टिक शल्यचिकित्सेच्या कक्षेत येते. वाढत्या वयाच्या खुणा कमी करण्यासाठी केली जाते तेव्हा तिला सौंदर्यशल्यक्रिया म्हणतात. आजाराने किंवा अपघाताने विरूप झालेला चेहरा पूर्ववत करण्यासाठी केली जाते तेव्हा ती पुनर्रचनात्मक शल्यक्रिया ठरते. महाराष्ट्रात तिचा हा दुसरा उपयोग कुष्ठरोगातून बरे झालेल्या रुग्णांसाठी झाला आहे.

फेसलिफ्ट ही बहुतांशी ऐच्छिक शस्त्रक्रिया आहे. ती न केल्याने जिवाला किंवा प्रकृतीला धोका होत नाही. त्यामुळे ती करावी की नाही आणि केव्हा करावी, हा निर्णय रुग्णाचाच असतो. हा निर्णय केवळ वयावरून घेतला जात नाही. चेहऱ्यातील बदलाचे नेमके कारण, रुग्णाची प्रकृती आणि शस्त्रक्रियेकडून असलेली अपेक्षा या तीन गोष्टींचा मेळ बसतो की नाही, हे त्यात पाहिले जाते.

संज्ञा

वैद्यकीय परिभाषेत या शस्त्रक्रियेला ऱ्हायटिडेक्टॉमी म्हणतात. सुरकुती व छेदून काढणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा तयार झाली आहे. मात्र तिचा शब्दशः अर्थ दिशाभूल करणारा आहे. आधुनिक फेसलिफ्टमध्ये सुरकुत्या कापून काढल्या जात नाहीत, तर खाली घसरलेला थर वर नेला जातो. त्वचेच्या पृष्ठभागावरील बारीक सुरकुत्या या शस्त्रक्रियेने फारशा कमी होत नाहीत. मराठीत वृत्तपत्रे व वैद्यकीय व्यवहार यांत ‘फेसलिफ्ट’ हाच शब्द रूढ आहे. जुन्या वास्तूच्या किंवा मोटारीच्या बाह्यरूपातील बदलासाठीही तो लाक्षणिक अर्थाने वापरला जातो.

चेहऱ्यातील वयानुरूप बदल

चेहऱ्याचे वार्धक्य चार पातळ्यांवर घडते. त्वचेतील कोलॅजन व इलॅस्टिन हे तंतू कमी होतात, त्यामुळे तिचा ताण व लवचीकपणा घटतो. त्वचेखालील मेदाचे लहान लहान कप्पे काही ठिकाणी आक्रसतात, तर काही ठिकाणी खाली सरकतात. चेहऱ्याच्या त्वचेला हाडाशी व खोल थरांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात. जबडा, गालफड व डोळ्यांच्या खोबण्या यांची हाडेही झिजून आकार बदलतात. दात पडले असल्यास खालच्या जबड्याचे हाड अधिक झिजते आणि ओठांभोवतीचा भाग आत ओढला जातो.

हे बदल सर्वांत एकाच वेळी किंवा सारख्या प्रमाणात होत नाहीत. आनुवंशिकता, सूर्यप्रकाश, तंबाखूचे सेवन आणि वजनातील मोठे चढउतार यांचा त्यांवर परिणाम होतो. भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून तिला काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळे गोऱ्या वर्णाच्या लोकांच्या तुलनेत बारीक सुरकुत्या उशिरा दिसतात. याउलट काळे डाग, डोळ्यांखालचा काळेपणा आणि गालांचा जडपणा हे बदल भारतीयांमध्ये अधिक ठळक असतात. डाग व काळेपणा यांवर फेसलिफ्टचा उपयोग होत नाही.

इतिहास

जागतिक

चेहऱ्याची त्वचा ताणून बसवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सुरू झाले. बर्लिनचे ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ मध्ये अशी शस्त्रक्रिया केल्याचे पुढे नमूद केले. एरिख लेक्सर यांनी १९०६ मध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. या विषयावरील पहिल्या प्रकाशित लेखांपैकी एक फ्रेंच शल्यविशारद रेमों पासो यांचा १९१९ मधील लेख होय. या काळातील शस्त्रक्रियेत कानाजवळील त्वचेची एक पट्टी कापून कडा जोडल्या जात. केवळ त्वचेवर ताण येत असल्याने परिणाम अल्पकाळ टिके.

पॅरिसमधील सुझान नोएल या आरंभीच्या स्त्री सौंदर्यशल्यविशारदांपैकी होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांवरील उपचारांत भाग घेतला. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी सौंदर्यशल्यक्रियेच्या सामाजिक कार्याची बाजू मांडली. वयस्कर दिसू लागल्यामुळे स्त्रियांना नोकरी मिळवणे व टिकवणे अवघड जाते, हे त्यांनी आपल्या रुग्णांमध्ये पाहिले होते.

१९७० च्या दशकात या शस्त्रक्रियेला नवे वळण मिळाले. स्वीडनचे टोर्ड स्कोग यांनी त्वचेसह तिच्याखालील थरही उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मिट्झ व पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्वचा व स्नायू यांच्यामधील तंतुमय थराचे सविस्तर वर्णन केले. हा थर इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्मास’ या नावाने ओळखला जातो. ताण त्वचेऐवजी या मजबूत थरावर घेतल्यास परिणाम अधिक काळ टिकतो आणि चेहरा ओढल्यासारखा दिसत नाही, हे त्यानंतर मान्य झाले. १९९० मध्ये अमेरिकेचे सॅम हॅम्रा यांनी त्याहून खोल पातळीवर काम करणारी ‘डीप प्लेन’ पद्धत प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रातील

चेहऱ्याच्या पुनर्रचनेच्या जागतिक इतिहासात पुण्याला महत्त्वाचे स्थान आहे. इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातील एका वैद्याने कपाळावरील त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबईतील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापले गेले. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये अशी शस्त्रक्रिया केली.

स्वातंत्र्योत्तर काळात या शाखेचे संस्थात्मक शिक्षण सुरू झाले. १९५० च्या दशकात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. देशातील अशा आरंभीच्या विभागांत त्याची गणना होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी हे काम पुढे नेले.

कुष्ठरोगोत्तर फेसलिफ्ट

कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारात जंतूंमुळे चेहऱ्याच्या त्वचेत दाह होऊन ती जाड व गाठाळ होते. त्वचेतील लवचीक तंतू त्यात नष्ट होतात. औषधोपचाराने सूज ओसरली की ताणली गेलेली त्वचा मूळ आकारात परतत नाही, ती सैल पडून तिला घड्या पडतात. त्यामुळे तिशीतील रुग्णाचा चेहराही वृद्धासारखा दिसू शकतो. भुवयांचे केस झडणे, नाकाचा दांडा बसणे आणि कानाच्या पाळ्या लोंबणे हे बदलही त्यासोबत आढळतात.

या खुणांचे परिणाम वैद्यकीय नव्हे, तर सामाजिक असत. रुग्ण जंतुमुक्त झाला तरी चेहऱ्यावरून त्याचा पूर्वीचा आजार ओळखला जाई. घर, गाव व रोजगार यांची दारे त्याच्यासाठी बंद राहत. कोकणात या आजाराचे प्रमाण पूर्वी लक्षणीय होते. रत्नागिरी येथे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय स्थापन झाले होते.

डॉ. नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतले होते. भारतात परतल्यावर त्यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात व पुढे मुंबईत कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेचे काम केले. बसलेले नाक आतून अस्तर देऊन उभे करणे, भुवयांचे रोपण आणि कानाच्या पाळ्यांची दुरुस्ती यांबरोबर सैल त्वचेसाठी फेसलिफ्ट हा या उपचारमालेचा भाग असतो. कानाच्या कडेच्या पुनर्रचनेची त्यांची पद्धत ‘अंतिया-बुच’ या नावाने जगभर वापरली जाते. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या रुग्णांत शस्त्रक्रियेची वेळ वयावर अवलंबून नसते. बहुविध औषधोपचार पूर्ण झालेला असणे, तसेच किमान सहा महिने आजाराची प्रतिक्रिया किंवा मज्जातंतूंचा दाह नसणे, ही सर्वसाधारण अट असते. त्याआधी शस्त्रक्रिया केल्यास दाह पुन्हा उसळून केलेले काम वाया जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यानंतर रोगनिदान लवकर होऊ लागले. त्यामुळे चेहऱ्याची अशी विरूपता आता तुलनेने क्वचित दिसते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, किंवा गुंगीच्या औषधासह जागेवर भूल देऊन केली जाते. छेद कानशिलावरील केसांपासून सुरू होतो, कानाच्या पुढील नैसर्गिक घडीतून खाली येतो आणि पाळीला वळसा घालून कानामागील केसांत जातो. त्वचा काही अंतरापर्यंत मोकळी केली जाते. त्यानंतर खालचा स्मास थर वर व किंचित मागे ओढून टाक्यांनी पक्का केला जातो. जास्तीची त्वचा कापून कडा ताण न देता जोडतात. मानेच्या पुढील भागात उभे पट्टे दिसत असल्यास हनुवटीखाली लहान छेद घेऊन प्लॅटिस्मा हा पातळ स्नायू शिवला जातो. या शस्त्रक्रियेस साधारणपणे दोन ते पाच तास लागतात.

पुरुषांमध्ये दाढीची त्वचा कानाजवळ किंवा कानामागे सरकते. त्यामुळे छेदाची जागा निवडताना केसांच्या रेषेचा विचार करावा लागतो. पुरुषांच्या चेहऱ्यातील रक्तपुरवठा अधिक असल्याने रक्तस्रावाचा धोकाही जास्त असतो.

निर्णयाचे निकष

वय

फेसलिफ्टसाठी ठरावीक वय नाही. बहुतेक शस्त्रक्रिया चाळिशी ते साठी या वयोगटात होतात. सत्तरीनंतरही प्रकृती उत्तम असल्यास ती करता येते. लवकर केल्यास त्वचेची लवचीकता चांगली असते, पण दिसणारा फरक कमी असतो. उशिरा केल्यास फरक ठळक दिसतो, मात्र प्रकृतीच्या अडचणींची शक्यता वाढते. वार्धक्य येऊ नये म्हणून आधीच शस्त्रक्रिया करून ठेवण्याने ते थांबत नाही. शस्त्रक्रियेनंतरही चेहऱ्याचे वय वाढतच राहते. परिणाम साधारणपणे सात ते दहा वर्षे टिकतो, असे मानले जाते.

बदलाचे कारण

पहिला प्रश्न चेहऱ्यात नेमके काय बदलले आहे, हा असतो. तक्रार ओघळण्याची असेल, म्हणजे जबड्याची रेषा मोडली असेल किंवा मानेची त्वचा सैल पडली असेल, तर फेसलिफ्ट हा योग्य उपाय ठरतो. आरशासमोर कानाजवळील त्वचा बोटांनी हलकेच वर सरकवल्यास अपेक्षित फरकाचा ढोबळ अंदाज येतो. पाठीवर झोपले असता चेहरा लक्षणीय बदलत असेल, तर तो बदल मुख्यतः सैलपणाचा असतो.

तक्रार अन्य स्वरूपाची असल्यास उपायही निराळा असतो. वरच्या पापणीची लोंबती त्वचा व डोळ्यांखालील फुगवटा यांसाठी पापण्यांची शस्त्रक्रिया करतात. कपाळावरील आठ्यांसाठी बोटुलिनम विषाची इंजेक्शने दिली जातात. खोल गेलेल्या गालांसाठी मेदाचे रोपण किंवा फिलर वापरले जाते. डाग व बारीक सुरकुत्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाचे उपचार घेतले जातात. दात पडल्यामुळे गाल बसले असतील, तर दंतवैद्याकडील कवळी किंवा दंतरोपण हा पहिला उपाय असतो. चेहरा एकाच बाजूने अचानक खाली ओढला गेला असेल, तर ती वार्धक्याची खूण नसून पक्षाघाताचे किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी तातडीने वैद्यकीय तपासणी करावी लागते.

शारीरिक प्रकृती

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब, मधुमेह, हृदय व रक्त गोठण्याची प्रक्रिया यांची तपासणी केली जाते. अनियंत्रित रक्तदाबामुळे शस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली रक्त साकळू शकते. अनियंत्रित मधुमेहात जखम उशिरा भरते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन व रक्त पातळ करणारी अन्य औषधे यांची माहिती शल्यविशारदाला देणे आवश्यक असते. ही औषधे हृदयविकारासाठी दिलेली असल्यास ती रुग्णाने स्वतःहून बंद करणे घातक ठरू शकते. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या गोळ्या व माशाच्या तेलाच्या गोळ्या यांचाही उल्लेख करावा लागतो, कारण त्यांतील काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो.

तंबाखू हा सर्वांत महत्त्वाचा अडथळा आहे. निकोटिनमुळे त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मोकळ्या केलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असल्याने कानामागील त्वचा काळी पडून मरू शकते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका सुमारे बारापट आढळला. सिगारेट व विडी यांप्रमाणेच गुटखा व मशेरी यांतूनही निकोटिन शरीरात जाते. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मशेरीला व्यसन मानत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावरही ती सांगायची राहते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी व चार आठवडे नंतर तंबाखू पूर्ण बंद ठेवण्याची अट सामान्यतः घातली जाते.

वजन कमी करायचे असल्यास ते आधी केले जाते. काही महिने वजन स्थिर राहिल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. नंतर वजन मोठ्या प्रमाणात घटल्यास त्वचा पुन्हा सैल पडते.

मानसिक तयारी

शल्यविशारद रुग्णाचा हेतू व अपेक्षा यांची चौकशी करतात. आरशातील चेहरा आपल्या उत्साहाशी जुळत नाही, ही दीर्घकाळची व स्वतःची भावना असल्यास समाधानाची शक्यता अधिक असते. जोडीदार, नातेवाईक किंवा कामाच्या ठिकाणचे लोक यांच्या टोमण्यांमुळे घेतलेला निर्णय अनेकदा पश्चात्तापाचा ठरतो. वैधव्य, घटस्फोट किंवा निवृत्ती यांसारख्या आघातानंतर लगेच शस्त्रक्रिया न करता काही काळ थांबण्याचा सल्ला दिला जातो. एखाद्या समारंभापुरता किंवा लग्नकार्यापुरता केलेला विचारही पुरेसा मानला जात नाही.

नगण्य किंवा नसलेला दोष मोठा वाटून दिवसाचे कित्येक तास त्याच विचारात जाणे, हे बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर या मानसिक विकाराचे लक्षण आहे. अशा रुग्णांचे शस्त्रक्रियेने समाधान होत नाही. उलट त्रास वाढू शकतो. त्यांना मानसोपचाराची गरज असते. नैराश्यावर उपचार चालू असल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी विचारविनिमय केला जातो.

धोके

त्वचेखाली रक्त साकळणे ही सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे. तिचे प्रमाण शंभर रुग्णांत साधारणपणे एक ते चार असते व पुरुषांत त्याहून अधिक असते. ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत उद्भवते. एका बाजूची झपाट्याने वाढणारी सूज व वेदना ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी जखम उघडून रक्त लगेच काढावे लागते.

चेहऱ्याच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्यास भुवई किंवा ओठाचा कोपरा हलेनासा होतो. ही दुर्बलता बहुतेक वेळा तात्पुरती असते. कायमच्या इजेचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस दुखावल्यास तो भाग बधिर राहतो. जंतुसंसर्ग, त्वचा मरणे, छेदाजवळील केस गळणे, पाळी खाली ओढली जाणे व दोन्ही बाजूंत फरक राहणे हे अन्य धोके आहेत. भारतीय त्वचेत व्रण जाड किंवा काळपट होण्याची प्रवृत्ती अधिक असते. पूर्वी कान टोचल्यावर किंवा जखमेनंतर केलॉइड झालेला असल्यास तो इतिहास निर्णायक ठरू शकतो.

बरे होण्याचा काळ

पहिले दोन ते तीन दिवस सूज वाढते. टाके साधारणपणे पाच ते दहा दिवसांत काढले जातात. काळेनिळे डाग दोन आठवड्यांत ओसरतात. बहुतेक रुग्ण दोन ते तीन आठवड्यांनी लोकांत वावरू लागतात. जड वजन उचलणे व खाली वाकून करायची कामे तीन ते चार आठवडे टाळावी लागतात. अंतिम परिणाम दिसण्यास काही महिने, तर व्रण फिके होण्यास वर्षभर लागते.

मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्या रुग्णांसाठी वेळेच्या निवडीत प्रवासाचाही प्रश्न असतो. उदाहरणार्थ, रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीतील कामगाराने किंवा परिसरातील रहिवाशाने मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर येथे शस्त्रक्रिया करवून घेतल्यास घाटातून किंवा महामार्गावरून अनेक तासांचा परतीचा प्रवास असतो. रक्तस्रावाचा मुख्य धोका पहिल्या दिवशी असल्याने दुसऱ्याच दिवशी गावी परतणे योग्य मानले जात नाही. टाके निघेपर्यंत रुग्णालयाजवळ मुक्काम करणे, सोबतीला एक जबाबदार व्यक्ती असणे आणि अडचण उद्भवल्यास जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे हे आधी ठरवणे आवश्यक असते. शेतीची व आंब्याच्या हंगामाची कामे उन्हात व वजन उचलून करायची असतात. त्यामुळे ती करणाऱ्यांसाठी हंगाम संपल्यानंतरचा काळ अधिक सोयीचा असतो. ताज्या व्रणावर ऊन लागल्यास तो काळवंडतो.

पर्याय

फिलर, बोटुलिनम, लेझर, रासायनिक पीलिंग व ध्वनिलहरींचे किंवा रेडिओलहरींचे उपचार हे बिनशस्त्रक्रियेचे पर्याय आहेत. सौम्य बदलांत त्यांचा उपयोग होतो. बराच सैलपणा असल्यास मात्र ते फेसलिफ्टची जागा घेऊ शकत नाहीत. फिलर व बोटुलिनम यांचा परिणाम काही महिने ते दीड-दोन वर्षे टिकतो, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. ओघळलेल्या चेहऱ्यात वारंवार फिलर भरल्यास तो अधिक जड व फुगीर दिसू लागतो. त्वचेखालून विरघळणारे धागे ओढण्याच्या ‘थ्रेड लिफ्ट’ पद्धतीचा परिणामही तुलनेने अल्पकाळ टिकतो. उन्हापासून संरक्षण व तंबाखू टाळणे हे उपाय वार्धक्याच्या खुणा लांबवतात. काहीही न करणे हाही वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे सुरक्षित पर्याय आहे.

खर्च, विमा व कर

सौंदर्यासाठी केलेल्या फेसलिफ्टचा खर्च भारतातील आरोग्यविमा योजनांत मिळत नाही. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यशल्यक्रियेचा समावेश आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच प्रकृतीवरील प्रत्यक्ष धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेली शस्त्रक्रिया या अपवादातून वगळली आहे. वस्तू व सेवा करातही हाच भेद केला जातो. वैद्यकीय सेवांना करमाफी असली, तरी सौंदर्यशल्यक्रिया करपात्र आहे. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र माफी मिळते. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात विकृती सुधारण्याच्या शस्त्रक्रियांची तरतूद असून पात्र रुग्णांना आर्थिक साहाय्यही दिले जाते.

खर्चाचा हिशेब करताना शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व रुग्णालय यांचे शुल्क, औषधे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी किंवा रजा यांचा एकत्रित विचार करावा लागतो. दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागल्यास तिचा खर्च कोणाकडे, हे आधीच लेखी स्पष्ट करून घेणे इष्ट असते.

शल्यविशारदाची निवड व कायदा

भारतात प्लास्टिक सर्जरीची मान्यताप्राप्त पदवी म्हणजे सामान्य शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणानंतरची एम.सीएच. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी होय. ‘सौंदर्यतज्ज्ञ’ किंवा ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या बिरुदांवरून अशी पात्रता सिद्ध होत नाही. महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. भूलतज्ज्ञाची उपस्थिती व तातडीच्या उपचारांची सोय असलेले नोंदणीकृत रुग्णालय ही सुरक्षिततेची किमान अट मानली जाते.

डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे अनुचित ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात न्यायालयाने एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी ग्राह्य धरता येत नाही, असे स्पष्ट केले. शस्त्रक्रियेचे स्वरूप, पर्याय व धोके समजावून घेतलेली संमतीच वैध ठरते. ती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असणे त्यामुळे महत्त्वाचे असते.

सामाजिक संदर्भ

फेसलिफ्टवर सौंदर्याच्या कृत्रिम कल्पना व स्त्रियांवरील तरुण दिसण्याचा दबाव यांना खतपाणी घातल्याची टीका होते. समर्थकांच्या मते स्वतःच्या चेहऱ्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. या वादात कुष्ठरोगोत्तर शस्त्रक्रियांचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे तीच शस्त्रक्रिया तारुण्य मिळवण्यासाठी नव्हे, तर आजाराची खूण पुसून पुन्हा माणसांत वावरता यावे म्हणून केली गेली. समाजाची दृष्टी बदलण्याचे काम मात्र शस्त्रक्रियेने पूर्ण होत नाही. औषधाने कुष्ठरोग बरा होऊ लागल्यानंतरही तो भारतातील अनेक व्यक्तिगत कायद्यांत घटस्फोटाचे कारण म्हणून कायम राहिला. २०१९ च्या वैयक्तिक कायदे सुधारणा अधिनियमाने तो वगळण्यात आला.